आर्सेनलची जुनी जर्सी घ्यावी की प्रोग्रॅमचा गठ्ठा?

मावसभाव आणि मी, दोघंही आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचे चाहते. त्याला नोकरीतला पहिला बोनस मिळाला. पैसे खात्यात पडले न पडले तोच त्याचा मेसेज: "दादा, २००३-०४ची ओरिजिनल होम जर्सी मिळतेय, मागे ऑन्री १४. घेऊ? का तुझ्यासारखे प्रोग्रॅम जमवू? तेवढ्यात अख्खा गठ्ठा येईल." होम जर्सी म्हणजे घरच्या मैदानावर घालायची, आणि ऑन्री म्हणजे तेव्हाचा आपला गोल मारणारा खेळाडू, नंबर १४. फोनवर सांगायला बसलो तर पाऊण तास जर्सीच्या कॉलरवरच गेला. म्हणून लिहूनच काढतो. आणखी कोणी याच पेचात असेल, तर त्याच्याही उपयोगी पडेल.

प्रोग्रॅम म्हणजे इंग्लंडात सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर विकतात ती पुस्तिका. मॅनेजरचं मनोगत, पाहुण्या संघाची ओळख, आधीच्या सामन्याचे फोटो, जाहिराती, आणि दोन्ही संघांची समोरासमोर यादी. माझ्याकडे आज अकरा जर्स्या आणि दोनशेच्या वर प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पण सुरुवात मीही जर्सीपासूनच केली होती, आणि तीही पुण्यातल्या फॅशन स्ट्रीटवरच्या फर्स्ट कॉपीपासून.

आधी खऱ्या-खोट्याचं बघू, कारण पैसे बुडतात ते इथे.

२००३-०४ हा आर्सेनलचा अजिंक्य हंगाम. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव एकही नाही. त्यामुळे बाजारात जो तो "इन्व्हिन्सिबल्सची जर्सी" विकत असतो. गंमत अशी की ती होम जर्सी २००२ ते २००४ अशी दोन हंगाम चालली. म्हणजे तुझ्या हातात येईल ती जर्सी अस्सल असली तरी अजिंक्य हंगामातलीच आहे की त्याच्या आदल्या वर्षी कोणी घेतलेली, हे कापड सांगत नाही. त्यात मागचं नाव-नंबर नंतर कोणी छापून घेतलं असेल तर गुंता आणखी वाढतो. जर्सी खरी, प्रिंट कालची, असा माल भरपूर फिरतो, आणि किंमत मात्र प्रिंटचीच लावलेली असते.

याउलट १५ मे २००४, आर्सेनल विरुद्ध लेस्टर, आर्सेनलचं जुनं मैदान हायबरी. प्रोग्रॅमवर हे छापलेलं असतं. विषय संपला. त्या दिवशी आधी लेस्टरच्या डिकॉव्हने, म्हणजे आपल्याच जुन्या खेळाडूने, गोल केला होता. मग ऑन्रीची पेनल्टी, मग व्हिएरा, २-१, आणि अजिंक्यपदावर शिक्कामोर्तब. प्रोग्रॅमची नक्कल होत नाही असं नाही, फार जुन्या आणि दुर्मीळ अंकांची पुनर्मुद्रणं सापडतात. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांतला साधा लीग सामन्याचा अंक बनावट छापून कोणाला काय मिळणार?

जर्सीच घ्यायची ठरली तर तीन गोष्टी बघ. एक, छातीवरचा प्रायोजक: १९८१ ते १९९९ जेव्हीसी, मग ड्रीमकास्ट आणि सेगा, २००२ ते २००६ ओटू, आणि त्यानंतर एमिरेट्स. दोन, नायकीची असेल तर आतल्या बारक्या पट्टीवरचा सहा आकडी कोड. तो सर्च करून बघ, नकली जर्सीवर पुष्कळदा भलत्याच टी-शर्टचा कोड निघतो. तिसरी गोष्ट क्लबच्या चिन्हातली तोफ. १९४९पासूनच्या जुन्या चिन्हात तोफेचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे आहे, २००२च्या नव्या चिन्हात उजवीकडे. जुन्या चिन्हाचा कॉपीराइट घेता येईना, म्हणून क्लबने ते बदललं.

हे तोफेचं मी फुकट शिकलेलो नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी १९९८ची, लीग आणि एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) दोन्ही जिंकले त्या वर्षाची जर्सी मागवली होती. पार्सल उघडलं, जेव्हीसी बरोबर, कॉलर बरोबर, अंगात घालून आरशासमोर उभासुद्धा राहिलो. आरशात तोफ डावीकडे दिसली, म्हणून खूश झालो. मग लक्षात आलं की आरशात सगळं उलटं दिसतं.

आता पैसे. जर्सीचा भाव साइजवर, अवस्थेवर आणि विकणाऱ्याच्या मूडवर ठरतो. मोठ्या साइजची चांगली जर्सी कायम महाग. प्रोग्रॅम मात्र एकेकटा स्वस्त असतो, बऱ्याचदा मूळ छापील किमतीच्या आसपासच, पण भारतात मागवायचा तर टपालखर्च पुस्तिकेपेक्षा जास्त पडतो. त्यावर तोड एकच: सुटे घ्यायचे नाहीत, अख्ख्या हंगामाचा लॉट घ्यायचा आणि तिकडे कोणी नातेवाईक असेल त्याच्या पत्त्यावर पाठवायचा. माझी लंडनची काकू दर दिवाळीला सुटकेसमध्ये वीस-पंचवीस घेऊन येते. "लोक चॉकलेटं मागवतात, आमचा मुलगा रद्दी मागवतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. कागद वजनदार असतो हे विमानतळावरच्या काट्यावर कळतं, त्यामुळे तिची तक्रार रास्त आहे.

विकत घेताना जुन्या अंकांत कात्रण गेलेलं नाही ना ते विचार. पूर्वी प्रोग्रॅममध्ये टोकन छापायचे. ते कापून जमवले की मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी पुढे नंबर लागायचा. टोकन कापलेला अंक संग्राहकांच्या लेखी लंगडा, म्हणून स्वस्त. मला चालतो.

सांभाळण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच छळतात, फक्त तऱ्हा वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यात कपाट उघडलं की जो वास येतो, तोच यांचा शत्रू. कागदाला कसर लागते, आणि प्रोग्रॅमच्या मधल्या पिना गंजून पानावर तांबडे डाग पडतात. स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी फोल्डरमध्ये ठेवलेस तर दोन-तीन वर्षांत मुखपृष्ठाची शाई फोल्डरला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घे, डबा जमिनीपासून वर ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एकदा सगळं बाहेर काढून वाऱ्याला लाव. उन्हात मात्र नको.

जर्सीचं कापड पॉलिएस्टर, त्याला काही होत नाही. जीव जातो तो प्रिंटचा. आईने एकदा माझी ऑन्रीची जर्सी चांगल्या हेतूने इस्त्री केली, आणि १४मधला ४ इस्त्रीच्या बुडाला गेला. दुसरी एक मी स्वतः घालवली. डांबरगोळ्या टाकून घडी घालून ठेवली, उन्हाळ्यात ओटूची अक्षरं मऊ होऊन एकमेकांना चिकटली. डांबरगोळी प्लॅस्टिकला मऊ करते, हे मला नंतर कळलं. तेव्हा जर्सी उलटी करून थंड पाण्यात हाताने धुवायची, प्रिंटमध्ये बटर पेपर घालायचा, आणि डांबरगोळी साड्यांसाठी ठेवायची.

मिरवण्यात जर्सी जिंकते, यात वाद नाही. फ्रेम करून भिंतीवर लावली की आलेला माणूस दोन मिनिटं थांबतो. हायबरीच्या शेवटच्या, २००५-०६च्या हंगामातली गडद लाल, सोनेरी अक्षरांची जर्सी तर फुटबॉल न कळणाऱ्यालाही आवडते. तो रंग १९१३मध्ये क्लब त्या मैदानावर आला त्या वर्षाच्या आठवणीसाठी निवडला होता. प्रोग्रॅमचा डबा मात्र पाहुण्यांसमोर उघडून बसलास तर बायको-मुलंही चहाच्या निमित्ताने उठून जातात.

पण एक प्रोग्रॅम मी कोणी न मागता दाखवतो. १४ जानेवारी २००६, मिडल्सब्रो. उभी घडी घातलेला आहे, कोणीतरी कोटाच्या खिशात कोंबला असणार. घडीवर मुखपृष्ठाचा रंग उडून पांढरी रेघ आलीय, म्हणूनच तो मला जवळपास फुकट मिळाला. संघांच्या यादीत ऑन्रीच्या नावापुढे पेन्सिलने तीन उभ्या रेघा आहेत आणि खाली कोपऱ्यात ७-० लिहिलंय. त्या दिवशी ऑन्रीने तीन गोल मारून आर्सेनलच्या जुन्या काळातल्या क्लिफ बॅस्टिनच्या लीगमधल्या १५० गोलांची बरोबरी केली. छापलेल्या मजकुरात यातलं काहीच नाही, कारण प्रोग्रॅम सामन्याच्या आधी छापतात, त्याला निकाल ठाऊक नसतो. मिडल्सब्रोविषयी अगदी आदराने लिहिलंय त्यात. तिसरी पेन्सिलची रेघ जरा जोरात ओढलीय, कागद दबलाय तिथे. पक्का संग्राहक अशा लिहिलेल्या अंकाला नाक मुरडतो. मी मात्र आता मुद्दाम असेच शोधतो.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. तिकिटं जमवायची तर जुनीच मिळतील, आता सगळं मोबाइलवर आलंय. प्रोग्रॅमचंही फार खात्रीने सांगता येत नाही. प्रीमियर लीगच्या खालच्या तीन लीगमधल्या क्लबांवरचं प्रोग्रॅम छापण्याचं बंधन २०१८मध्ये उठलं. पिना-बिल्ले घे, पण आपण नेमकं काय जमवतोय ते चार वर्षांनी स्वतःलाच कळेनासं होतं. मैदानाचे अवशेष हा श्रीमंतांचा खेळ. हायबरी बंद झाल्यावर गोलपोस्टसुद्धा लिलावात गेले. खुर्च्या तेवढ्या विकता आल्या नाहीत, कारण त्यांत कॅडमियम निघालं.

आणि रेट्रो, म्हणजे जुन्या डिझाइनची नव्याने काढलेली जर्सी? अंगात घालायची असेल तर बेधडक घे. १९९१-९३ची ती पिवळी-काळी नागमोडी पट्ट्यांची, जिला सगळे "चेपलेलं केळं" म्हणतात, तिची मूळ प्रत परवडणं मुश्किल आहे आणि मिळाली तरी घालायची छाती होणार नाही. आदिदासने पुन्हा काढलेली घालून पाणीपुरी खाता येते.

तर तुझ्यापुरतं सांगतो. २००३-०४ची जर्सी घेऊ नकोस. तेव्हा तू बालवाडीत होतास, ऑन्री तुला यूट्यूबवर भेटलाय. तुझा सामना १७ मे २०१४चा. एफए कपची फायनल, हल सिटीने आठ मिनिटांत दोन गोल मारले आणि तू माझ्या सोफ्यावर उशीत तोंड खुपसून बसलास. मग आपले गोल: काझोर्ला, कोसिएल्नी आणि जादा वेळेत रॅमसी. तेव्हा खालचे काका वर येऊन दारावर थापा मारून गेले होते. नऊ वर्षांनी करंडक आला होता आणि नायकीच्या जर्सीतला तो आपला शेवटचा सामना. ती जर्सी घे. अजिंक्य हंगामाच्या जर्सीपेक्षा ती खूपच स्वस्त पडेल. उरलेल्या पैशांत त्याच फायनलचा प्रोग्रॅम, फायनलचे अंक भरमसाट छापतात त्यामुळे तो सहज मिळतो, आणि २०१३-१४च्या घरच्या सामन्यांचा एखादा लॉट. काकूला मी सांगतो.

हे पाठवलं, तर अर्ध्या तासात त्याने एका जर्सीचा फोटो पाठवला. २०१३-१४, एल साइज, मागे रॅमसी, नंबर ८. "दादा, भारी ना?"

नाही. त्या हंगामात रॅमसी १६ नंबर घालायचा. आठ नंबर तेव्हा आर्तेताच्या पाठीवर होता.