काखेची कुबडी की कोपराची?

पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांतून किंवा गोदाघाटाच्या पायऱ्यांवरून चालताना थकलेले शरीर काखेच्या कुबडीवर नकळत लोंबकळते आणि दंडातून मनगटाकडे जाणारी रेडियल नस (मज्जातंतू) काखेत दाबली जाऊन मनगट लुळे पडू शकते. म्हणून कुबडीची गादी काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावी आणि भार तळहातांवरच घ्यावा; ही काळजी फार थोडे लोक घेतात, याचे वाईट वाटते. कोपराखाली हाताला कडे आणि धरायला मूठ असलेल्या कोपराच्या कुबडीत काख मोकळी राहते, परंतु भार तळहाताच्या मुळाशी एकवटल्याने करंगळीकडे जाणारी अल्नर नस दाबून करंगळी व अनामिका बधिर होऊ शकतात. रुंद, मऊ मुठीने हा दाब कमी होतो. हातांत पुरेसे बळ असल्यास दीर्घ वापरासाठी मी कोपराचीच कुबडी सुचवेन. मनगट उचलताना अशक्तपणा जाणवल्यास मात्र डॉक्टरांना त्वरित दाखवावे.