स्मरणशक्तीचं 'मोफत' शिबिर आणि आमचे २५,७९९ रुपये

रंकाळ्यावर सकाळी फिरताना कुणी 'ज्येष्ठांसाठी मोफत स्मरणशक्ती तपासणी'चं कार्ड हातात दिलं, तर तिथंच परत करा. आम्हा नवराबायकोचे २५,७९९ रुपये गेलेत. नोंदणी ४९९, कोर्स १८,५००, वर ब्राह्मीच्या नावाखाली पावडरीचे डबे ६,८००. आता लोक हसतात. पण राजारामपुरीत एसी हॉल, पांढरा कोट, छापील रिपोर्ट, सगळं रीतसर होतं हो! मी जन्मभर बँकेत नोटा मोजल्यात, कुणाच्याही नादी लागणारा माणूस नव्हे.

पहिल्या दिवशी वीस शब्द भराभरा वाचले. छत्री, कढई, लिंबू, घड्याळ... मग पाव तास स्वतःची जाहिरात, आणि मग म्हणे लिहा. मला सात आठवले, हिला सहा. रिपोर्टवर लाल शिक्का, '३५ टक्के, धोका'. हिच्या आईला डिमेन्शिया होता, ते फॉर्मवर आधीच लिहून घेतलेलं. मग माणूस पैसे भरणार नाही तर काय करणार?

शेवटच्या दिवशी पुन्हा परीक्षा. तेच वीस शब्द, वर्गात रोज घोकून घेतलेले! ही मोठ्यानं म्हणाली, "अहो, ही तीच यादी नव्हे का?" तर कोटवाला म्हणतो, "काकी, ओळखलीत ना? हीच तर सुधारणा!" हॉलभर टाळ्या. मीही वाजवल्या. ही माझ्याकडं बघतच राहिली, आणि त्याच टाळ्यांत मी डब्यांचे पैसे मोजले.

फेरतपासणीला यादी बदलावी लागते, नाहीतर नुसतं पाठांतर मोजलं जातं, हे नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. हिचं बी-१२ कमी निघालं. विसरायला होतंय तर आधी बी-१२, थायरॉईड, ऐकू येणं आणि झोपेच्या गोळ्या बघा. घोकलेलं जमतं, पण घोकण्यानं चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. अमेरिकेत लुमॉसिटी नावाचे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीला असल्याच दाव्यांपायी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. इथं?

इथं पोलीस म्हणाले, पैसे स्वतःच्या हातानं दिलेत, दिवाणी मामला आहे. अर्ज घ्यायला साहेब जागेवर नाहीत, साहेब आले तर हद्द त्यांची नाही. दुसऱ्या ठाण्यात हॉलमालकाला आणा म्हणे. तो म्हणतो मी दिवसावारी भाड्यानं देतो, मला काय ठाऊक. पावतीवर 'ऐच्छिक सहभाग शुल्क', पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. आणि ठाण्यात टेबलावर बसलेला पोरगा मला विचारतो, "आजोबा, काय ठरलं होतं ते नीट आठवतंय का तुम्हाला?" काय बोलायचं याला?

रोख देऊ नका. घरचा आजार फॉर्मवर लिहू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आम्ही तिथं निघालोय, न फोडलेले डबे पुरावा म्हणून ठेवलेत. त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे आणखी कोण असाल, तर पावत्या शोधा. आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते.