विकलेली बॉक्सस्टर पुन्हा घ्यावी का? मस्टँग, टीटी आणि झेड-फोर वापरून झाल्यावर

मनापासून आवडलेली गाडी काही कारणाने विकावी लागते. मग दुसऱ्या येतात, जातात. आणि कधीतरी वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना तीच गाडी पुन्हा समोर येते. तीच घ्यावी, की थोडे पैसे वर घालून जास्त ताकदीची, नवी काहीतरी बघावी? ओळखीतले दोघे-तिघे सध्या याच पेचात आहेत आणि फोन मला करताहेत, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझी पहिली स्पोर्ट्स कार म्हणजे पोर्शे बॉक्सस्टर, ९८१ पिढीची, २.७ लिटरची. डिचोलीत घर बांधायला काढलं तेव्हा ती विकली. नंतर फोर्ड मस्टँग जीटी, मग ऑडी टीटी आणि शेवटी बीएमडब्ल्यू झेड-फोर एम४०आय अशा तिघी दारात येऊन गेल्या. आता पुन्हा ९८१ बॉक्सस्टर आहे आणि ती मी विकणार नाही. गंमत अशी की या चौघींत सगळ्यात हळू गाडी हीच. शंभरचा वेग गाठायला पीडीके (पोर्शेच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या २.७ बॉक्सस्टरला ५.७ सेकंद लागतात, टीटीला ५.३, झेड-फोरला ४.५. कागदावर बघून कोणी गाडी घेणार असेल तर माझी गाडी यादीतून पहिल्याच फटक्यात बाद होते. पण गोव्यात राहून, गोव्याच्याच रस्त्यांवर चालवायची असेल, तर ताकदीचा आकडा शेवटी बघावा असं माझं ठाम मत आहे. आधी रुंदी, मग वजन, मग स्टिअरिंग.

रुंदी पहिली का, हे डिचोलीहून मये-चोडणमार्गे पणजीला आलेल्या कोणालाही कळेल. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम दीड गाडीचा रस्ता आणि समोरून कदंबची बस. बॉक्सस्टर १८०१ मिलिमीटर रुंद आहे, टीटी १८३२, झेड-फोर १८६४ आणि मस्टँग १९१६, तीही आरसे न धरता. अकरा-साडेअकरा सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण बस येताना डावी चाकं रस्त्याच्या कडेवरून खाली उतरवावी लागतात की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं. खाली उतरलं की चिऱ्याचा टोकदार तुकडा पातळ टायरच्या बाजूला लागतो, आणि यातल्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचं किट तेवढं असतं.

पुढे चोडणची फेरी. बोटीचा लोखंडी फाळका धक्क्यावर पडतो, त्याचा चढ भरतीला वेगळा आणि ओहोटीला वेगळा. पाणी उतरलेलं असलं की मस्टँगचं लांब नाक सरळ नेलंत तर खालचं प्लास्टिक खरवडणारच. टीटी सगळ्यात बिनघोर चढते. बॉक्सस्टर तिरकी घातली तर जाते, पण फेरीवरच्या माणसाने हात दाखवून दोन मिनिटं थांबू दिलं पाहिजे. आमच्याकडचे लोक चांगले आहेत, थांबू देतात.

मस्टँगबद्दल आधी बोलतो, कारण तिचं प्रकरण सरळ आहे. ४९५१ सीसीचं व्ही-एट, भारतातल्या गाडीत ४०१ पीएस ताकद आणि ५१५ एनएम जोर (टॉर्क). कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची निघालेली ही पहिली मस्टँग, २०१६ मध्ये आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आली. सकाळी सुरू केली की शेजाऱ्याच्या पोरसातल्या कोंबड्या उठायच्या. मागे दोन लहान मुलं बसतात, हे बॉक्सस्टर आणि झेड-फोरमध्ये विसराच. झुवारीच्या नव्या पुलावर किंवा पणजीच्या अटल सेतूवर ती राणी आहे. पण सतराशे किलोंच्या वर वजन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. जूनच्या पहिल्या सरीत, डांबरावर लाल माती वाहून आलेली असताना, ॲक्सिलरेटरवर पाय मोजूनमापूनच ठेवावा लागतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ऑइल-फिल्टरपुढचं काही निघालं तर भाग कुठून मागवायचा आणि किती दिवस थांबायचं, याची तयारी ठेवूनच घ्या. लांबच्या प्रवासाची आवड आणि पोरं लहान असतील तर जरूर घ्या. घाटवेड्यासाठी ती नाही.

टीटी ही शहाण्या माणसाची निवड. मी वापरली ती तिसऱ्या पिढीची, २३० पीएस आणि ३७० एनएम, क्वाट्रो. पावसाळ्यात चौघींत सगळ्यात निश्चिंत गाडी तीच. चारी चाकांना ताकद जाते, छत पत्र्याचं, मागचं दार मोठं, सीट पाडल्या की चतुर्थीचं माटोळीचं सामान सुद्धा मावतं. एसीची बटणं वेगळी नाहीतच, हवेच्या गोल झरोक्यांच्या मधोमध फिरवायची चकती आहे. इतकं साधं आणि सुंदर काम मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नाही. शिवाय इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या त्याच घराण्यातलं, जे ऑक्टाव्हिया-सुपर्बमध्येही आहे, त्यामुळे त्याला हात लावायला कचरणारा मेकॅनिक कमी सापडतो. मग मी ती का ठेवली नाही? कारण इंजिन पुढच्या चाकांवर आडवं बसलेलं आहे. वळणात जोर लावला की नाक बाहेर जातं, आणि स्टिअरिंग हाताला फारसं काही सांगत नाही. रोज ऑफिसला नेण्यासाठी मी तिचं नाव पहिलं घेईन. रविवारी पहाटे उठून चालवायला जावं, अशी ओढ मात्र तिने मला कधी लावली नाही.

खरी चुरस झेड-फोर आणि बॉक्सस्टरमध्ये आहे.

झेड-फोर एम४०आयचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन हे आजच्या काळातलं फार मोठं काम आहे. ३४० पीएस, ५०० एनएम, आणि तो जोर अगदी खालच्या आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांपासून) हजर. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये, टोयोटाच्या सुप्राच्या बरोबरीने ती बनलेली. छत कापडी, दहा सेकंदांत उघडतं, आणि डिकी छत उघडं असो वा बंद, २८१ लिटरच राहते. आधीच्या पिढीत छत पत्र्याचं होतं आणि ते उघडलं की डिकी १८० लिटरवर यायची, म्हणून वापरलेली झेड-फोर बघताना पिढी तपासा. सर्व्हिससाठी गोव्याबाहेर जावं लागत नाही, हाही तिचा मोठा गुण. गाडी वर्षातून तीन-चार वेळाच वर्कशॉपला जाते हे खरं, पण गेली की फ्लॅटबेडवर (गाडी वाहणाऱ्या ट्रकवर) चढवून घाटापार पाठवणं आणि म्हापशाला सोडून येणं यात पैशांचा आणि जिवाच्या घोराचा फरक पडतो.

तरीही चोर्ल्याच्या घाटात मला तिच्यात काहीतरी कमी जाणवायचं, आणि ते काय हे कळायला ९८१ पुन्हा चालवावी लागली.

साखळीवरून केरीला आलात, अंजुणे धरण मागे टाकलंत की चढ लागतो. वळणं आखूड, एकामागून एक, बरीचशी झाडांच्या सावलीत आणि म्हणून ओलसर. झेड-फोरमध्ये तुम्ही मागच्या ॲक्सलच्या अगदी पुढे बसता आणि समोर लांबलचक बॉनेट असतं. स्टिअरिंग फिरवलं की ते लांब नाक वळतं, मग क्षणभराने तुम्ही वळता. बॉक्सस्टरमध्ये इंजिन पाठीमागे, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये. पुढची चाकं हलकी. ब्रेक सोडता सोडता स्टिअरिंग जरासं फिरवलं की नाक आणि तुम्ही एकाच क्षणी वळता. गाडी किती झुकली, मागचं चाक ओल्या पानांवर किती सरकलं, हे आधी पाठीला समजतं आणि मग डोक्याला. त्यात वजनाचा फरक: १३४० किलोंच्या आसपास विरुद्ध दीड हजारांवर. घाट उतरताना ब्रेकना हा फरक फार जाणवतो.

आणि आवाज. टर्बो नसलेलं, सपाट बसवलेल्या सहा सिलिंडरचं इंजिन. २६५ पीएस, तेही ६७०० आरपीएमला. २८० एनएमचा जोर साडेचार हजारांपुढे मिळतो. म्हणजे खाली ते निवांत असतं, त्याला वर न्यावं लागतं, आणि नेलं की साडेचार हजारांच्या पुढे सूर बदलतो. छत उघडं ठेवून कातळाच्या भिंतीलगत तिसऱ्या गिअरमध्ये चढताना तो आवाज परत अंगावर येतो. झेड-फोरचं काम कमी कष्टात होतं, पण मला त्या कष्टातच रस आहे. एक गोष्ट मात्र घेणाऱ्याने लक्षात ठेवावी: ९८१चे गिअर लांब आहेत, दुसऱ्यातच गाडी शंभरच्या पुढे जाते. त्यामुळे इंजिन पूर्ण वर नेण्याची संधी आपल्या रस्त्यांवर थोडीच मिळते.

मग नवी ७१८ का नाही? २०१६ पासून बॉक्सस्टरचं हे नाव झालं आणि साध्या गाडीत २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो आलं: ३०० पीएस, ३८० एनएम. ओव्हरटेकला ती ९८१पेक्षा किती तरी सोपी, कारण गिअर खाली न टाकताही ती ओढते. बसून चालवायची ढब तीच, बांधणी तीच. ज्याने आधी ९८१ वापरलेली नाही त्याला मी बिनदिक्कत ७१८ घ्या म्हणेन. पण परत येणारा माणूस एखाद्या आठवणीपायी येतो, आणि त्या आठवणीत आवाज असतोच. चार सिलिंडरचा आवाज त्या जागी बसत नाही. ४ लिटरची सहा सिलिंडरवाली ७१८ जीटीएस २०२० पासून आली खरी, पण तिच्या किमतीची पायरीच वेगळी.

९८१च्या आधीची ९८७ स्वस्तात दिसते आणि तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग आजही फार गोड आहे. घ्यायचीच तर २००९ नंतरची बघा. त्याआधीच्या इंजिनांत मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं दुखणं जगभर माहीत आहे, नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही.

आता पावसाळा, कारण गोव्यात बॉक्सस्टर टिकते की कुजते हे तिथे ठरतं. कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. आंब्याचा मोहोर, पानं, माती यांनी त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. जुन्या बॉक्सस्टरमध्ये सीटखालचं इलेक्ट्रॉनिक युनिट यापायीच जातं. मे संपायच्या आत छत अर्धं उघडून त्या भोकांत थोडं पाणी ओतावं आणि ते गाडीखाली पडतं का बघावं. पाच मिनिटांचं काम आहे. तसंच पुढच्या बंपरच्या दोन्ही झरोक्यांमागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत. तिथे पाला अडकतो, ओला राहतो, आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खायला लागतो. हाताने पोचेल तेवढा पाला काढावा, वर्षाआड बंपर उतरवून नीट साफ करून घ्यावं. गाडी माडाखाली तर नाहीच, पण प्लास्टिकच्या कव्हरखालीही ठेवू नये, आत बुरशी धरते. म्हापशाचा माझा मेकॅनिक दर वर्षी एकच सांगतो, "बाब, पावसात ठेवून देऊ नका, आठवड्यातून एकदा तरी काढा." तेही जमणार नसेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा. बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं, त्यामुळे बॅटरी मेली की डिकीच उघडत नाही. तेव्हा केबिनमधल्या फ्यूज बॉक्समधला लाल खुंट बाहेर ओढून त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. ही युक्ती गाडी घेतानाच विक्रेत्याकडून करून दाखवायला लावा.

ज्याच्याकडे झाकलेली शेड नाही, त्याने बॉक्सस्टरचा विचार सोडून टीटी घ्यावी. ज्याला सर्व्हिस जवळच हवी, छत उघडं हवं आणि मुख्यतः हायवेच करायचा आहे, त्याला झेड-फोर सुख देईल. बाकी परतणाऱ्याने परतावं.

घेताना सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदललेलं असलं पाहिजे, स्पार्क प्लग चार वर्षांनी. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. बऱ्याच कमी चाललेल्या गाड्यांत नक्षी नवी आणि रबर सहा-सात वर्षांचं निघतं. चाकं शक्यतो १८ इंचीच घ्या. २० इंची दिसायला झकास, पण आपल्या गतिरोधकांवर आणि खड्ड्यांत रिम वाकते. गाडी मुंबई-बंगळुरूकडची असेल तर फॉर्म २८ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) विक्रेत्याच्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गोव्यातला रोड टॅक्स किती बसेल हे आधी आरटीओत जाऊन विचारा. पाहायला जायचं ते जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये जा. सीटमागचा गालिचा हाताने दाबून बघा, ओला लागला तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.