वीस बोअर, टंगस्टनचे छर्रे आणि रेड डॉट : टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या अख्ख्या हंगामानंतर

पेन्सिल्व्हेनियातल्या वसंत हंगामासाठी फेब्रुवारीपासून वापरात असलेला संच असा: वीस बोअरची (बोअर हा नळीच्या मापाचा आकडा; बारा बोअरची नळी वीसपेक्षा रुंद) पंप शॉटगन (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची), ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), २४ इंची नळी, .५७० इंचाचा टर्की चोक (छर्रे दाट पडावेत म्हणून नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचा अरुंद तुकडा), बंदुकीच्या पाठीवर २ एमओएचा रेड डॉट (भिंगात लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन; एमओए हे कोनाचं माप), आणि ३ इंची काडतुसात दीड औंस टीएसएस (टंगस्टनचे छर्रे), ९ नंबर (नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान). मेअखेर हंगाम संपला. मत आधीच सांगून टाकतो. ४० यार्डांच्या आत टर्कीसाठी बारा बोअरच्या साडेतीन इंची काडतुसाची काहीच गरज नाही. मात्र बंदूक, चोक, काडतूस आणि डॉट हे चार सुटे भाग समजून घेतले तर पैसे वाया जातात. यातलं एक बदललं की बाकीचे तिन्ही पुन्हा कागदावर तपासावे लागतात. टर्कीवर नेम चुकण्याची बहुतेक कारणं हा तपास टाळण्यात असतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत राहून रीतसर लायसन्स काढणाऱ्यांसाठी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फेडरल कायद्याने अशा व्हिसाधारकाला बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे, आणि राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे वाचायचे, आणि दरवर्षी वाचायचे. पेन्सिल्व्हेनियात शिशाचा ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा टर्कीला चालत नाही. बऱ्याच राज्यांत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा प्लग मॅगझिनमध्ये लागतो. नवी बंदूक साफ करताना हा प्लग बाहेर निघतो आणि परत घालायचा राहून जातो.

आता छऱ्यांबद्दल. टीएसएस म्हणजे टंगस्टन सुपर शॉट. घनता १८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, शिशाची ११ च्या थोडी वर. छर्रा जड म्हणून तो लहान ठेवता येतो. शिशाच्या ५ नंबरचा व्यास ३ मिलिमीटर आणि औंसाला साधारण १७० छर्रे. टीएसएस ९ नंबरचा व्यास २ मिलिमीटर आणि औंसाला साधारण ३६०. दीड औंसात पाचशेच्या वर छर्रे जातात आणि ४० यार्डांवरही मानेच्या हाडात शिरायची ताकद टिकून राहते. टर्कीला मारायचं ते डोक्यात आणि मानेत. छाती पिसांनी आणि मांसाने भरलेली असते, तिथे मारलं तर पक्षी जखमी होऊन निघून जातो. म्हणून छऱ्यांची दाटी महत्त्वाची.

वीस बोअर म्हणजे खांद्याला हलकी, हे मात्र अर्धंच खरं. साडेसहा पौंडांच्या बंदुकीतून दीड औंस टीएसएस निघतं तेव्हा धक्का चांगलाच बसतो. टेबलावरून सलग काडतुसं उडवली तर अंग आपोआप धक्क्याची वाट बघायला लागतं, चाप झटक्यात ओढला जातो आणि पॅटर्न (छऱ्यांचा पसारा) खाली पडतो. खांद्यावर जाड पॅड किंवा वाळूची छोटी पिशवी घ्या. एका बैठकीत टीएसएसची मोजकीच काडतुसं उडवा. तशीही एकेक काडतूस दहा डॉलरच्या आसपास किंवा वर पडतं.

चोकमध्ये सर्वांत महागडी चूक आट्यांची. वेगवेगळ्या बनावटींच्या आट्या वेगळ्या असतात: रेमिंग्टनचा रेम चोक वेगळा, बेरेटा-बेनेलीचा मोबिल वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. चोक पहिले दोन-तीन फेरे सहज फिरला म्हणजे जुळला असं नाही. तो बोटांनी, जोर न लावता, शेवटपर्यंत बसला पाहिजे आणि त्याची आतली कड नळीच्या आत उघडी राहता कामा नये. कड बाहेर डोकावत असेल तर छर्रे तिच्यावर आपटतात आणि चोक, कधी नळीचं तोंडही, फाटतं. दुसरी चूक, ‘जितका घट्ट तितका चांगला’ ही समजूत. वीस बोअरची नळी आतून .६१५ इंच. ९ नंबरच्या टीएसएससाठी .५५५ ते .५७५ या टप्प्यातले चोक बहुतेक वेळा चालतात. त्याहून आवळलं तर काही नळ्यांत पॅटर्न मधेच विरळ होतो, एका बाजूला गोळा होतो. बंदुकीसोबत आलेल्या चोकने २५ यार्डांपर्यंत ठीक काम दिलं, पुढे मधोमध खिंडार पडायला लागलं. पैसे पहिल्यांदा इथे घाला. छिद्रांचा चोक घेण्याचं खास कारण मात्र दिसत नाही: आवाज कानाला जास्त लागतो आणि छिद्रांत काजळी साठते.

टर्की चोकमधून पोलादी छर्रे आणि स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) उडवू नका. काही चोकवर तसं कोरलेलंही असतं. बदकांच्या शिकारीतली उरलेली पोलादी काडतुसं त्याच पिशवीत राहिली की हा घोळ होतो. तीच पिशवी बारा बोअरचीही असेल तर घोळ जिवावर बेततो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बारा बोअरचं काडतूस बसतं, आणि चाप ओढला की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी ठेवण्याचा रिवाज याचसाठी आहे. तसंच पावणेतीन इंची चेंबरमध्ये ३ इंची काडतूस बसलेलं दिसतं, पण त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. नळीवर काय कोरलंय ते वाचा.

पॅटर्न तपासायची पद्धत सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळे घाई करतात. तीन फूट बाय तीन फुटांचा कागद घ्या, मध्ये रुपयाएवढा ठळक ठिपका काढा. आधी स्वस्त शिशाच्या काडतुसांनी २० यार्डांवर डॉट साधारण जागेवर आणा. मग खरं काडतूस, ४० यार्ड, टेबलावर टेकवून. प्रत्येक बाराला नवा कागद. बार झाल्यावर ठिपक्याभोवती वर्तुळ काढू नका. छर्रे जिथे सर्वांत दाट पडलेत तिथे मध्य धरून १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. शंभराच्या खाली असतील तर त्या अंतरावर ही जुळणी वापरायची नाही. एका कागदावर निकाल देऊ नका, निदान तीन बघा.

वर्तुळाचा मध्य आणि ठिपका यांत अंतर असेल तर डॉट सरकवा. ४० यार्डांवर १ एमओए म्हणजे ०.४२ इंच. पॅटर्न ४ इंच खाली असेल तर १ एमओएच्या खटक्यांचे साधारण दहा खटके ‘अप’कडे. मग पुन्हा एक बार. त्यानंतर ३०, २० आणि १० यार्डांवर एकेक कागद बघा. १० यार्डांवर पॅटर्न मुठीएवढाच पडतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. जवळ आलेली टर्की चुकते ती याच कारणाने. मान हलत असते आणि चूक खपवायला रुंदी नसते. शक्य असेल तर पक्ष्याला २० ते ३५ यार्डांत थांबू द्या.

टीएसएस कागदावर ५० यार्डांनंतरही दाट दिसतं. तरी हद्द ४० च ठेवावी असं ठाम मत आहे. जंगलात पहाटेच्या उजेडात अंतराचा अंदाज पाच-दहा यार्डांनी सहज चुकतो. बसल्या जागेवरून रेंजफाइंडरने दोन-तीन झाडं मोजून ठेवा आणि त्यांच्यापलीकडचा पक्षी सोडून द्या.

नुसत्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या मण्यावर) नेम धरणाऱ्यांचे बार बहुधा वरून जातात, कारण पक्षी बघायच्या नादात गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नळी वर येते. रेड डॉटने हा दोष जवळजवळ जातो, पण तो उंच बसवला तर नवा दोष येतो: गाल टेकवला की डॉट दिसत नाही आणि डॉट दिसला की गाल टेकत नाही. शक्य तितका ठेंगणा माउंट घ्या, किंवा दस्त्यावर चिकटवायचा गालपॅड लावा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर डॉट भिंगाच्या मध्यावर असला पाहिजे.

माउंटचे स्क्रू हा या संचातला सर्वांत कमकुवत दुवा. भोकं आणि स्क्रू अल्कोहोलने पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) थेंबभर लावा (लाल नको, तो मग तापवल्याशिवाय सुटत नाही), आणि माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कवर (पिळायच्या जोरावर) आवळा. बहुतेक ठिकाणी तो १५ ते २० इंच-पौंडांच्या दरम्यान असतो. अंदाजाने आवळलं तर अॅल्युमिनियमच्या रिसीव्हरमधल्या (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यातल्या) आट्या साफ होतात. स्क्रू लांब निघाला तर त्याचं टोक आत बोल्टला (काडतुसामागे सरकून चेंबर बंद करणाऱ्या भागाला) घासतं. पंप जड लागायला लागला तर आधी तिथे बघा. शेवटी स्क्रूचं डोकं आणि माउंट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक बारीक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. फेब्रुवारीत नुसता घट्ट आवळलेला एक स्क्रू एप्रिलपर्यंत पाव फेरा सुटला होता, हे त्या रेघेमुळेच कळलं. चोक आणि नळीवरही अशीच रेघ असू द्या. धक्क्याने चोक सैल होतो. तपासताना आधी बंदूक रिकामी करा.

डॉटची चमक पहाटे अगदी मंद ठेवा. तेज असेल तर तो फुलतो आणि पक्ष्याची मान झाकून टाकतो. उघड्या बनावटीच्या डॉटमध्ये दवाचा एक थेंब दिव्यावर पडला तर चार डॉट दिसतात, म्हणून पुढच्या वेळी बंद बनावटीचा घेणं बरं. बॅटरी हंगामाच्या सुरुवातीला नवी घाला, जुनी खिशात ठेवा.

पंप बंदुकीचा आवाज टाळायचा म्हणून बोल्ट हळूच मिटवणारे पुष्कळ. तसा बोल्ट पूर्ण लॉक होत नाही, आणि नेमक्या वेळी चाप ओढला तरी बार होत नाही. काडतूस जागेवर बसल्यावर, नियमाने बार करायची वेळ सुरू झाल्यानंतर, पूर्ण जोराने मिटवा. तो आवाज एकदाच होतो. सेफ्टीचं बटण मात्र दोन बोटांत धरून हळू सरकवता येतं. पट्ट्याच्या कड्या खुळखुळत असतील तर त्यांच्यावर कापडी टेप गुंडाळा. झाडाला टेकून बसताना नळीचं तोंड जमिनीला लागू देऊ नका. ओल्या पानांचा किंवा चिखलाचा बोळाही नळी फाडायला पुरतो.

हंगाम संपल्यावर चोक काढून आतलं प्लास्टिक सॉल्व्हंटने सोडवा. काडतुसातल्या वॅडचा (छर्रे धरणाऱ्या प्लास्टिकच्या कपाचा) थर तिथे बसतो आणि पॅटर्न हळूहळू बिघडतो. आट्यांवर अँटी-सीझ ग्रीसचा पातळ हात फिरवून चोक परत बसवा, नाहीतर पावसात भिजलेला चोक गंजून नळीतच अडकतो. डॉटची बॅटरी काढून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत शिकारीच्या आधी ४० यार्डांवर निदान एक कागद पुन्हा बघा, आणि काडतुसांची खोकी बदलली असतील तर तीन.