झाइस इकॉन नेटार ५१८/१६: खिशात मावणारा मीडियम फॉरमॅट कॅमेरा
या घडीच्या फिल्म कॅमेऱ्याचं बटण दाबलं की झाकण उघडतं, भाता (लेन्स आणि फिल्मच्या मधली घड्यांची पिशवी) ताणला जातो आणि लेन्स खट्टकन जागेवर बसते. तेवढ्या आवाजासाठी मी तो उगाचच उघडतो-मिटतो. मिटला की जाकिटाच्या खिशात जातो, तरी १२० च्या रोलवर (नेहमीच्या ३५ मिमी फिल्मपेक्षा रुंद) मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे ६×६ सेंटीमीटरच्या १२ निगेटिव्ह देतो! अंतर मोजून देणारा रेंजफाइंडर नाही, ते अंदाजाने लावायचं. शटरही दर फोटोआधी हाताने चढवायचं. नोव्हार लेन्स तीनच काचांची. छिद्र पूर्ण उघडलं तर फोटोचे कोपरे मऊ, एफ ११ इतकं लहान केलं की मात्र झकास. व्ह्यूफाइंडर अगदीच चिमुकला, आम्हा चष्मेवाल्यांचे हालच. जुना घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरून घड्यांचे कोपरे तपासा. उजेडाचा ठिपका दिसला तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.