गॅलरी बांधायची की मैदान करायचं?

गावाच्या क्रीडा समितीवर असाल, तर निधी आला की पहिला आग्रह प्रेक्षक गॅलरीचाच होतो. कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्या गावात हा पेच पडला तेव्हा मी समितीत होतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

गॅलरीची बाजू खोटी नाही. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये महाराष्ट्र केसरी झाली. असली कुस्ती बघायला माणसं लोटतात, त्यांना बसायला पक्की जागा हवीच. जिल्ह्याच्या गावाला असं एक स्टेडियम असावं, हे मला पटतं.

पण पुढचं पाऊल, म्हणजे ‘मोठं बांधा, मोठे सामने आपोआप येतील’, तिथं मी थांबतो. वानखेडे १९७४ साली उभं राहिलं ते मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या पुढाकारानं, कारण सामने तिचेच होते. उलट माँट्रियलनं १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं आणि त्याचं कर्ज २००६ पर्यंत लोकांच्या करातून फिटत राहिलं.

माझं मत मात्र या आकड्यांनी ठरलं नाही, मंडपाच्या खड्ड्यांनी ठरलं. माझी मुलगी आठशे मीटर पळायची. गावात धावपट्टी नव्हती, म्हणून मी तिला पहाटे एका गॅलरीवाल्या स्टेडियमवर न्यायचो. एका रविवारी तिथं मोठा कार्यक्रम झाला. सोमवारी बघतो तर धावपट्टीवर हातभर खोल खड्डे, वरून नुसती माती लोटलेली. एका खड्ड्यात सुतळीसकट खुंटी तशीच होती. दुसऱ्याच फेरीत पोरीचा घोटा मुरगळला आणि हंगाम गेला. मी घमेलं घेऊन खड्डे बुजवले. पुढच्या महिन्यात पुन्हा मंडप. चौकशी केली तेव्हा उलगडलं: गॅलरीची रंगरंगोटी, वीजबिल, राखणदार, सगळ्याला पैसा लागतो. पळणारी पोरं भाडं देत नाहीत, मंडपवाले देतात. सगळीकडे असंच होत असेल असं नाही, पण गॅलरी जितकी मोठी तितका हा ओढा वाढणार, असं मला वाटतं.

साध्या मैदानाला राखायला फार लागत नाही. आपल्या मातीतली माणसं बघा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव तालमीत घडले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. सुरुवातीला या दोघांनाही गॅलरी लागली नव्हती.

आम्ही गॅलरी सोडली. मुरमाची धावपट्टी, रोलर, बोअर आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नि कपडे बदलायची खोली, यात पैसा घातला. ही खोली शेवटी ठेवू नका. ती झाल्यावरच मुली टिकल्या. पावसाळ्यात चिखल होतो, तेवढे दिवस पोरं डांबरीवर पळतात. मोठ्या कुस्त्यांना आम्ही बांबूची बैठक उभारतो, पण धावपट्टी सोडून.

तुम्ही काहीही बांधा, ठरावात आत्ताच लिहून घ्या: धावपट्टीवर खुंटी ठोकायची नाही.