जुन्या टू-बीएचकेचं रिनोव्हेशन आणि घरात दोन लहान पोरं: एक पावसाळा, एक दिवाळी काढल्यानंतर

अक्षय तृतीयेला राहायला आलो, आता थंडी पडलीये (डोंबिवलीत पडते तेवढी), म्हणजे आता लिहायला हरकत नाही. काम सुरू करायच्या आधी मी असले अनुभव ढिगाने वाचले होते, पण बहुतेक सगळे राहायला आल्या आल्या लिहिलेले, आणि तेव्हा सगळ्यांचं सगळं मस्तच असतं कारण पोरांनी अजून काही सांडलेलंच नसतं.

घर म्हणजे सासऱ्यांनी १९९१ मध्ये घेतलेला डोंबिवली पूर्वेचा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली मोझॅक, ओट्याला कडप्पा, हॉलला पश्चिमेची गॅलरी. राहणारी माणसं सहा: सासू-सासरे, आम्ही दोघं, मोठी पाच वर्षांची आणि धाकटा नुकताच दोनचा झालाय. खर्च फर्निचर धरून दहा लाखांच्या थोडा वर गेला. माझं मत आधीच सांगून टाकते, लहान पोरांच्या घरात जमिनीपासून तीन फुटांपर्यंत जे काम केलंय ते चोवीस तास वापरात असतं आणि त्याच्या वरचं पाहुणे आले की बघतात. आणि गंमत म्हणजे आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं सगळं लक्ष वर, फॉल्स सीलिंग, त्यातले पट्टीसारखे प्रोफाइल लाइट, टीव्हीमागची भिंत, ह्यावर तो तासन्‌तास बोलायचा आणि बाथरूमच्या उताराचं विचारलं की "होईल ताई."

लादीपासून सुरू करते. मोझॅक फोडली नाही, त्यालाच टाचे मारून वर अ‍ॅडेसिव्हने टाइल्स लावल्या, कारण तिसऱ्या मजल्यावरून गोण्या भरून राडारोडा खाली न्यायचा खर्चच नव्या टाइल्सच्या जवळ जात होता. सोसायटीने वजनासाठी इंजिनिअरचं पत्र मागितलं ते दिलं. ह्यात एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, लादी अर्धा-पाऊण इंच वर येते, मग सगळे दरवाजे खालून तासावे लागतात, मुख्य दरवाजासुद्धा, आणि बाथरूम नि खोलीतला उंचवटाही त्या हिशोबाने बघावा लागतो. फिनिश मॅट घेतलं. दुकानात ग्लॉसी टाइल्सच पुढे मांडून ठेवतात आणि दिव्याखाली चमकतात पण भारी, पण पाणी सांडलं की त्यावर मोजे घातलेलं पोर म्हणजे कपाळमोक्ष. मॅटवर आमचा धाकटा आख्खा पावसाळा ओल्या पायाने पळाला, पडला तो स्वतःच्याच पायात पाय अडकून, लादीमुळे नाही.

तोटाही आहे. मॅटमध्ये मळ धरतो, नुसता फडका मारून भागत नाही, आठवड्यातून एकदा ब्रशने घासावं लागतं आणि आमच्या कामाच्या मावशींना ही लादी अजिबात आवडलेली नाही, तसं त्या रोज सांगतात. शिवाय रंग ठिपक्यांचा राखाडी आहे, "ताई ह्यात कचरा दिसतच नाही" म्हणून घेतलेला. दिसत नाही हे खरंय. पण कचरा दिसत नाही तसंच पडलेली टाचणी, कानातल्याची फिरकी, चणाडाळ हेही मोठ्यांना दिसत नाही, आणि धाकट्याला ते सगळं बरोब्बर सापडतं नि सरळ तोंडात जातं. रांगतं बाळ असेल तर एकरंगी फिकट लादी घ्या, कचरा दिसू दे. जॉइंट इपॉक्सीने भरलेत, सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरेच महाग पडले पण दूध, वरण, वॉटरकलर काही झिरपलं नाही, ह्या पैशाला मी पूर्ण मार्क देईन.

भिंतींचं सांगते, ही सगळ्यात आवडती गोष्ट. सासरे म्हणाले, "अगं, खाली तीन फूट ऑइलपेंटचा पट्टा मारून घ्या, आमच्या शाळेत असायचा तसा." कॉन्ट्रॅक्टर हसला, म्हणे ताई सरकारी दवाखाना वाटेल. मग आम्ही पोरांच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये वरच्याच शेडचा सॅटिन इनॅमल (ऑइलपेंटच, पण कमी चकाकीचा) खाली मारून घेतला, मध्ये पट्टी नाही काही नाही, नीट बघितल्याशिवाय कळतही नाही. क्रेयॉन, पेन्सिल, पोळीच्या तुपाचे हात सगळं ओल्या फडक्याने जातं. हॉलमध्ये नेहमीचा वॉशेबल इमल्शन आहे, त्यावर क्रेयॉन जातो, बॉलपेन फिकट होतं पण जात नाही, आणि एकाच जागी चार वेळा घासलं की तिथे चकाकी येते, बाजूने उजेड पडला की डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणजे वॉशेबल शब्दावर फार विसंबू नका.

रंगावरूनच एक महत्त्वाचं. इमारत जुनी असेल तर जुना रंग खरवडताना पोरांना त्या घरात अजिबात नेऊ नका, "बघू या काम कुठवर आलंय" म्हणूनसुद्धा नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याच्या आधीच्या रंगात, खासकरून दारं-खिडक्या-ग्रिलच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि घासल्यावर त्याची जी धूळ उडते ती लहान मुलांना वाईट. आम्ही काम चालू असताना भाड्याने राहत होतो, नवरा एकटा जाऊन यायचा आणि घरी आला की आधी आंघोळ. सामान लावायच्या आधी दोनदा ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतलं, झाडू नाही, झाडूने धूळ फक्त जागा बदलते.

बाथरूम. टाइल्स घेताना दुकानदाराकडे आर-११ ग्रेड मागितला (हा घसरण्याचा ग्रेड, आर-९ पासून सुरू होतो, आकडा वाढला की पकड जास्त), नाखुशीने का होईना काढून दिल्या. खडबडीत आहेत, साबणाचा थर धरतात, पण सासूबाईंचा गुडघा आणि दोन पोरं एवढं एका बाथरूममध्ये म्हटल्यावर मला दुसरं काही नकोच होतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंना वर बघत बसायला सांगितलं, त्यांनी ते काम फार मनापासून केलं. उताराचं मात्र "होईल ताई"चं काय झालं ते रोज दिसतं, एका कोपऱ्यात पाणी थांबतं आणि वायपर मारावा लागतो. टाइल्स लावायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघायला मिस्त्री तयार नव्हता, तुमचा नसेल तयार तर हटून बसा.

दोन छोट्या वस्तू आहेत त्यांना दहापैकी दहा. एक, बाथरूमचं लॉक, आतून लावलं तरी बाहेरून नाणं फिरवून उघडतं. मोठीने पहिल्याच महिन्यात आतून लावून घेतलं आणि आत रडारड, बाहेर आजीची रडारड, नवऱ्याने रुपयाचं नाणं लावून उघडलं, विषय संपला. जुनी कडी असती तर सुताराला बोलवावं लागलं असतं. दुसरं, गिझर ५० अंशांवर ठेवलाय. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, पोरांची कातडी तर मोठ्यांपेक्षा पातळ, ५० ला निदान हात मागे घ्यायला वेळ मिळतो. सासऱ्यांची तक्रार आहे की पाणी कडकडीत नसतं. असो.

किचन. आमच्या ट्रॉल्या टॅन्डमवाल्या सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटी आपोआप हळू बंद होणाऱ्या, बोट सापडत नाही हा मोठा फायदा, पण हलक्या सरकतात म्हणून धाकटा खालची उघडून तिच्यात उभा राहतो. चिकटवायचे चाइल्डलॉक लावले, ते लॅमिनेटवर टिकतात, पण सिंकजवळचे दमट हवेत सुटून आले. ट्रॉल्यांना हँडल नाहीत, प्रोफाइल आहे, म्हणजे कडेलाच बोटं घालून ओढायची खाच, फोटोत काय सुंदर दिसतं! त्या खाचेत कणीक, इडलीचं पीठ, साखर, मुंग्या, सगळं जमतं आणि मी जुन्या टूथब्रशने ते साफ करत बसते. साधं हँडल लावा. सिंकखालचं प्लाय ७१० ग्रेडचं (पाण्याला टिकणारं), तिथे हट्ट केला होता, आणि पावसाळ्यात तिथलं लॅमिनेट जागचं हललं नाही. ओट्याला काळा ग्रॅनाइट. पांढरा क्वार्ट्झ सगळे दाखवत होते, पण त्यात रेझिन असतं, गरम कुकर थेट ठेवता येत नाही आणि हळदीचं टेन्शन वेगळंच. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "ओटा वापरायचाय का पुसत बसायचंय?" मोठीचा हात आता गॅसच्या बटणांपर्यंत पोचतो, त्यामुळे स्वयंपाक झाला की पाइपवरचा कॉक बंद करायची सवय सगळ्यांनी लावून घेतलीये. कामातच तो कॉक ट्रॉलीच्या मागून काढून ओट्याच्या वर, भिंतीवर घेतला होता, नाहीतर कोण रोज वाकून बंद करतंय.

वायरिंग पूर्ण नवीन केलं आणि ह्याचं कौतुक कोणी करत नाही कारण दिसत नाही. अर्थिंग जुन्या घरात नावालाच होतं. सॉकेट सगळे शटरवाले, एका भोकात काही घातलं तरी उघडत नाही, धाकट्याने चमच्यापासून पेन्सिलीपर्यंत सगळे प्रयोग करून झालेत. मेनला ३० मिलिअ‍ॅम्पची आरसीसीबी टाकली, म्हणजे करंट अंगातून किंवा दुसरीकडून कुठे गळायला लागला की तीच पाडते. जुलैमध्ये ती सारखी ट्रिप व्हायला लागली आणि घरात सगळे म्हणाले काढून टाका ही कटकट. इलेक्ट्रिशियनने एकेक लाइन तपासली तर गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये पाणी जात होतं. त्याच मशीनला मोठी दिवसातून दहा वेळा टेकून उभी असते. त्यानंतर कटकट हा शब्द निघाला नाही.

आता गॅलरी. पहिल्या रेलिंगला आडवे पाइप होते, ती म्हणजे पोरांसाठी शिडीच. उभे गज घेतले, मधली फट चार इंचांच्या आत, आणि वर इनव्हिजिबल ग्रिल, स्टीलच्या तारांची, दोन इंचांवर एकेक. उजेड, वारा मस्त, कबुतरं बंद. पण तारा हळूहळू सैल पडतात, दिवाळीच्या सफाईला हात लावून बघितलं तर दोन तारा चांगल्याच हलत होत्या, ताणून घेतल्या. लावून विसरायची वस्तू नाही ही.

सगळ्यात वाईट अनुभव पोरांच्या खोलीतल्या वॉर्डरोबचा. बाहेरच्या भिंतीला चिकटवून फिट केलेलं, मागे हवा खेळायला जागा नाही, ऑगस्टमध्ये उघडलं की कुबट वास आणि स्वेटरवर पांढरी बुरशी. भिंतीला आतून कितीही केमिकल मारा, पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या चिरेतून येतंय तोवर ते येणारच. त्याच्या जोडीला नव्या प्लाय-लॅमिनेटचा डोळे चुरचुरणारा वास, आणि दमट उकाड्यात तो वाढतो, कमी नाही होत. सामान लावायच्या आधी पंधरा-वीस दिवस दारं-ड्रॉवर सताड उघडे ठेवले होते म्हणून निभावलं, शक्य असेल तर महिनाभर ठेवा. हे वॉर्डरोब भिंतीत स्क्रूने पक्कं केलंय ते मात्र चांगलं, कारण धाकटा ड्रॉवरच्या पायऱ्या करून वर चढतो, सुटं कपाट अंगावर आलं असतं.

घर लावण्याबद्दल सगळे लिहितात, पोरं त्या घरात रुळण्याबद्दल कमी. मोठीला भाड्याचं घरच आपलं वाटायला लागलं होतं, इथे आल्यावर रोज रात्री "आपण घरी कधी जायचं?" आम्ही तिच्यासाठी गुलाबी भिंत, ढगांचे स्टिकर, सगळं केलेलं, तिने बघितलंही नाही. कामी आल्या त्या जुन्याच गोष्टी, तीच विटलेली चादर, तोच आवाज करणारा टेबलफॅन (नवा पंखा शांत आहे म्हणून झोप येईना), आणि आजीच्या खोलीत झोपायची परवानगी. महिना-दीड महिना गेला. धाकटा आठवड्यात रुळला, त्याला फक्त माणसं ओळखीची लागतात.

आणि हूक. जुन्या घरांत हॉलच्या स्लॅबला पाळण्याचा हूक असतो ना, तो फॉल्स सीलिंगमध्ये झाकला जाणार होता. नवरा लहानपणी त्यालाच झुललेला, म्हणून सासूबाई ऐकेनात, शेवटी हॉलमध्ये सीलिंग फक्त कडेने फिरवलं आणि मधला स्लॅब तसाच ठेवला. हूक गंजलेला होता, फॅब्रिकेटरकडून बदलून नवीन जाड सळीचा बसवला. दुपारी धाकटा झोळीत, संध्याकाळी तिथेच झोका, पाऊस पडत असताना बाहेर नेता येत नाही तेव्हा तर दोघांची भांडणंही त्याच्यावरूनच. सीलिंगचे प्रोफाइल लाइट गणपतीत आणि दिवाळीत लावले, एरवी ट्यूबच चालू असते. टीव्ही युनिटने भिंत एवढी व्यापलीये की गणपतीला मखर कुठे मांडायचं ह्यावर दोन दिवस चर्चा, शेवटी टीव्ही काढून आत ठेवला. तुमच्याकडे गणपती बसत असेल तर ती जागा आधी आखून द्या, मग बाकीचं फर्निचर.

ह्या मेमध्ये वॉर्डरोब पुढे ओढून मागे दोन-तीन इंच फट ठेवायची आहे आणि बाहेरून भिंतीचं प्लास्टर करून घ्यायचंय. बाहेरची भिंत सोसायटीची, म्हणजे मीटिंग, आणि मीटिंगमध्ये टेरेसच्या पत्र्याचा विषय आधीपासून अडकलाय. सेक्रेटरी काका म्हणतात जूनच्या आत नक्की करू. कुठल्या जूनच्या ते बोलले नाहीत, तोवर स्वेटर सासूबाईंच्या गोदरेजमध्ये.